अकराची रेघ

आलेखांचं कौतुक मला नका रे सांगू! एकाहत्तरच्या हंगामात श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात तासातासाच्या गाळपाचा आलेख मीच काढायचो. रोज सकाळी अकराला रेघ धाडकन खाली. मॅनेजरसाहेब तडकले, “कारण शोध, नाहीतर घरी जा!”

गव्हाणीत ऊस टाकणाऱ्या बाबूरावांना विचारलं. ते म्हणाले, “अकराला सायबांची फेरी आस्ती. हातातली मोळी खाली ठिवल्याबिगर रामराम कसा घालायचा? समदेच ठिवत्यात.”

तेच जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी आलेख पुढ्यात ओढून अकराच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “उपाय?”

“अकराला तुम्ही केबिनमध्येच चहा घ्या, साहेब.”

दुसऱ्या दिवसापासून रेघ सरळ! आणि अकराच्या चहाला साहेबांसमोरच्या खुर्चीत कोण? मी!