उलटा शब्द

इंग्रजीच्या परीक्षा केंद्राबाहेर निवृत्त शिक्षिका भाचीची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक नर्स आणि तिचे वडील होते. मराठी अक्षरांत उतरवलेल्या इंग्रजी शब्दांची वही वडिलांच्या हातात होती.

“मेटिक्युलस.”

“काटेकोर. बारीकसारीक बघणारा.”

“म्हणजे तुझी आई.”

“बाबा, पुढचा विचारा.”

“रेझिलियंट.”

“कितीदा पडला तरी उठून उभा राहणारा.”

“हीपण तुझी आईच.”

“बाबा!”

“बरं बाई. रिलक्टंट.”

“मनातून नको असताना हो म्हणणारा.”

“वाक्य?”

“राहू दे ना.”

“परीक्षेत राहू देतील का? सांग.”

“माय फादर इज रिलक्टंट टु लेट मी गो.”

“फादर म्हणजे मी, एवढं कळलं. बाकीचं?”

“मला परदेशी पाठवायला बाबांचं मन होत नाही.”

“हे पुस्तकातलं वाक्य आहे?”

“नाही.”

“अगं, काल माळ्यावरून बॅग मीच उतरवली ना तुझी?”

“उतरवलीत. मग तासभर नुसती पुसत बसलात.”

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. वही वडिलांकडेच ठेवून ती गेली. तिच्यामागे दार लागलं, तरी ते तिकडेच बघत राहिले.

“ताई, तुम्हाला इंग्रजी येतं का हो?”

“शाळेत शिकवायचे मी.”

“मग या रिलक्टंटचा उलटा शब्द कोणता?”

“विलिंग.”

“विलिंग. म्हणायला अवघड आहे का?”

“शब्द तसा सोपा आहे.”

“या वहीत लिहून द्या जरा, मराठीत. ती बाहेर येईपर्यंत पाठ होतोय का बघतो.”