पोपडे उतरले, भाव चढला

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? मी सांगतो, शिव्या देणाऱ्यावर ठेवा! शिव्या देणारं गिऱ्हाईक तोंडावर 'लुटारू आहात' म्हणतं, पैसे आपटतं आणि डबा घेऊन जातं. विषय संपला. पण जो माणूस छातीवर हात ठेवून, डोळे अर्धे मिटून, 'शब्द म्हणजे शब्द, शेठ' असं म्हणतो ना… त्याच्यापुढून पळा! चपला राहिल्या तर राहू द्या!

दुकान माझं रंगाचं. खाली दुकान, वर आम्ही दोघं. शाळेत मी फार टिकलो नाही, जे शिकलो ते काउंटरमागं उभं राहून. आणि काय शिकलो? गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवून 'हाच, हाच' म्हणून नाचलं तरी आधी पैसे, मग मशीन. कारण एकदा मिसळला की तो रंग कुणाचाच नसतो हो! पांढरा मी परत घेईन, पण कुणाच्या तरी पडद्याला जुळवलेला जांभळा घेऊन मी काय करू, पिऊ? एक गृहस्थ असेच, म्हणाले, 'मिसळून ठेवा, पाकीट गाडीत राहिलंय, आलोच.' अजून येतायत! त्यांचा मोरपिशी मी गोदामाच्या दाराला लावला, शिडीला लावला, स्टुलाला लावला, तरी उरला. तेव्हापासून दुकानात पाटी आहे, 'पैसे आधी, रंग नंतर.' माझ्या हातानं रंगवलेली पाटी. मोरपिशीच! ती पाटी लक्षात ठेवा, पुढं तिच्यापाशीच रडायचंय.

तर आमच्या हिचे गुडघे गेले. आणि दुकानावरचा जिना म्हणजे जिना नव्हेच, भिंतीला टेकवून ठेवलेली शिक्षा. हिचं खाली येणंच बंद झालं. खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, मी तिच्यात भाजी ठेवायची, औषध ठेवायचं. आणि टोपलीबरोबर वरून टोमणा यायचा, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! 'अहो, टोपली आली खाली… मी कधी यायची?' गिऱ्हाईक वर बघायचं, मग माझ्याकडं असं बघायचं, जसं काही मीच तिला वर बांधून ठेवलंय!

म्हणून घर शोधायला लागलो. तळमजल्याचं. दलाल गाठला, कानाला चोवीस तास फोन, आपल्याशी बोलतोय की फोनशी, ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यानं मागच्याच गल्लीतलं घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं व्हरांडा, फाटक, आणि जिना? एक पायरी नाही! मालक एक गृहस्थ, बोलणं इतकं गोड की गल्ली त्यांना साखरकाका म्हणते.

आता मी व्यापारी. खरेदीला गेलो की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. वस्तू आवडली की जास्तच वाकडं. समोरच्या भिंतीला ओल होती, पोपडे सुटलेले. मी त्या पोपड्यांना असा हात लावला, जसा डॉक्टर शेवटच्या रोग्याला लावतो! 'अरेरे काका, ही भिंत गेलीच म्हणायची… ही आज आहे, उद्या नाही…' एकेक पोपडा सोलत गेलो आणि एकेक पोपड्यागणिक भाव उतरवत गेलो. शेवटी साखरकाका म्हणाले, 'ठरलं. तुमचा भाव तो माझा भाव.' मी खिशातून बयाणा काढला, तर ते असे दचकले, जसा काही मी विंचू काढला! 'छे छे शेठ! पैसे कसले आधी? कागद महिनाअखेरीला करू की. माझ्यावर विश्वास नाही?' छातीवर हात. डोळे अर्धे मिटलेले. 'शब्द म्हणजे शब्द, शेठ.' आणि वर माझ्या हातात किल्ली! 'घर तुमचंच आहे, काय करायचं ते करून घ्या.'

आता तुम्ही म्हणाल, एवढा मुरलेला माणूस तू, मग थांबायचं होतंस महिनाअखेरीपर्यंत! अहो, कसा थांबू? आमच्या हिला ताज्या रंगाचा वास सहन होत नाही, दम लागतो. हो, रंगवाल्याची बायको! हसा! म्हणून ती राहायला यायच्या आधी रंग लागून, वाळून, वास उडून जायला हवा होता. आणि दुसरं खरं कारण सांगू? समोर पोपडे सुटलेली भिंत असली की माझे हात शिवशिवतात. मिठाईवाल्याला लाडू दिसला की तो हलत नाही, पण रंगवाल्याला ओली भिंत दिसली की त्याला झोप नाही!

आमचा रंगारीमामा लावला कामाला. ओल कुठून येते ते शोधलं, गळका पाइप बदलला, पोपडे खरवडले, पुट्टी, घासकाम, प्रायमर, आणि वर दोन हात पिवळा. हिनंच निवडलेला, कोवळ्या उन्हासारखा. दुकानातला सगळ्यात भारी माल हो, जो मी सांगून सांगून थकलो तरी गिऱ्हाईक घेत नाही! आणि मग रविवारी मामानं आणि त्याच्या जोडीदारानं हिला खुर्चीसकट उचलून जिन्यावरून खाली आणली, घर दाखवायला. हातात पर्स घेऊन बसली होती, महाराणी! आत रंगाचा वास होता, म्हणून व्हरांड्यातच खुर्ची ठेवली. फाटकाशी एक अनोळखी बाई थांबली. दोघी बोलायला लागल्या. कशावर? गुडघ्यांवर! त्या बाईचेही गेलेले! तासभर बोलल्या हो. मी आपला आत भिंतीला टेकून… म्हणजे टेकून नाही, ओला होता रंग… उभा राहून ऐकत होतो. इतकं हसताना मी तिला कधी बघितलं होतं, आठवेना.

दोनच दिवसांनी साखरकाका घर बघायला आले. बघून गेले. पुन्हा आले, बायकोला घेऊन. पुन्हा आले, जावयाला घेऊन. जावयानं फोटो काढले. मला काय हो, मला कौतुक वाटलं! मी मूर्ख, 'इथून काढा, इथून उजेड चांगला येतो' म्हणून त्यांना जागा दाखवत होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल दुकानात. फोन कानाला नव्हता. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

'शेठ, काका म्हणतायत… दहा टक्के वर लागतील. बाजार चढलाय.'

'चढलाय? गेल्या आठवड्यात तर इथंच होता!'

'काल चढला.'

'काल कधी?'

'संध्याकाळी… फोटो काढल्यावर.'

दुकान उघडं टाकून तसाच गेलो. साखरकाका व्हरांड्यात, माझ्या हिची खुर्ची होती ना, नेमके तिथंच बसलेले. म्हणाले, 'या या शेठ, पाणी घ्या. रागावू नका. तुम्हीच सांगा, तुम्ही भाव कमी केलात तो कशावर? ओलीवर. बरोबर? मग आता ओल दाखवा. जिथं दिसेल तिथं तुमचा भाव.'

आणि तुम्हाला सांगतो, मी खरंच शोधली हो! भिंतीला कान लावला, गाल लावला, नाक लावलं. एक डाग नाही! मेल्या मामानं जन्मात एवढं साफ काम कुठं केलं नाही, ते नेमकं इथं करून ठेवलेलं!

'अहो, पण तुम्ही शब्द दिला होता ना?'

'दिला होता ना! शब्द म्हणजे शब्द, शेठ. पण तो त्या घराला दिला होता. हे घर आता… वेगळंच दिसतंय.' आणि भिंतीवरून असा मायेनं हात फिरवला, जणू स्वतःच रोलर मारलाय!

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. 'खरवडून काढतो सगळा!' म्हणून ओरडलो. मामाला फोन केला, खरवडायची पट्टी घेऊन ये. मामा आला, भिंतीकडं बघितलं, पट्टी खिशात घातली. 'शेठ, दुसरं काहीही सांगा. माझ्या हातचं हे काम मला मोडवायचं नाही.' साखरकाका शांतपणे म्हणाले, 'खरवडा की. पण त्याआधी जरा किल्ली द्या.' आणि मी दिली! मागितलेली वस्तू काढून द्यायची दुकानदाराची सवय हो, हात आपोआप पुढं झाला!

घरी आलो. हिला सांगितलं.

'बयाणा दिला होतात?'

'तो घेईना.'

'कागद?'

'तो म्हणाला, शब्द म्हणजे…'

'आणि खाली पाटी कुणी लिहिलीय?'

बस्स. एवढंच. मला वाटलं, आता आठवडाभर ऐकायचंय. ऐकायला तयार होतो हो! पण दुसऱ्या दिवशी टोपली खाली आली… आणि टोमणा आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नुसती टोपली. दोरी हलते, टोपली येते, वरून आवाज नाही. गिऱ्हाइकं वर बघायची, मी बघायचो नाही.

मग काय करता? माल पोचवायचा टेम्पो विकला. आता डबे सायकलवर पोचवतो, या वयात, चढावर उतरून ढकलत! दहा टक्के वर दिले. पण या वेळी आधी कागद आणला, टेबलावर पसरला. साखरकाकांनी पेन हातात घेतलं, छातीवर हात ठेवला, डोळे मिटायला लागले. 'कागद कशाला शेठ, आपल्यात शब्द म्हणजे…'

'सही करा!!'

केली. जाताना व्हरांड्यातला दिवा काढून घेऊन गेले. म्हणे, दिवा बोलण्यात नव्हता.

राहायला आलो. हिला पहिल्यांदा आत आणली, खुर्चीत बसवली. तिनं समोरची भिंत बघितली. मान तिरकी केली आणि म्हणाली, 'अहो… पिवळा जरा जास्तच झालाय, नाही?'

तर आता हिशेब तुम्हीच मांडा. पण मंडळी, एक विनंती, प्रामाणिकपणे मांडा, माझी बाजू घेऊ नका. ती हल्ली फाटक धरून उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी फजिती हसत सांगते, ते जमेला धरा. टेम्पो खर्चात टाका. दिवाही टाका. आणि रंग? रंग दोनदा लिहा. एकदा माझ्या डब्यातून गेला तो, आणि एकदा तोच मी साखरकाकांकडून दहा टक्के देऊन विकत घेतला तो. आणि खाली एक ओळ मोकळी ठेवा… काल तिनं शेडकार्ड मागवलंय.