कात्रणाची पाठ

सासूबाई : वाच म्हणतेस, पण वाक्य शेपटाकडून तुटलंय. ‘द मिनिस्टर ओपन्ड अ न्यू’... काय उघडलं मेल्यानं? तोंड?

सून : राहू द्या ना, आई. कर्ता सापडला की झालं. त्याच्याखाली लाल रेघ, क्रियापदाखाली निळी.

सासूबाई : मारल्या. चार यत्ता शिकलेय, पण एवढं कळतं. कालचंही असंच लांडं, परवाचंही. महिनाभर तर पेपरातली अख्खी वाक्यं कापून वहीत चिकटवायचीस.

सून : कात्री बोथट झालीय.

सासूबाई : बोथट कात्रीच्या कडा एवढ्या सरळ? सूनबाई, तुझ्या नवऱ्याच्या बोटीच्या ऑफिसातून कागद येतात, ते तू सांगशील तेवढेच मला कळतात. म्हणून तर या वयात इंग्रजी घोटतेय.

सून : वही द्या इकडे.

सासूबाई : बस खाली! डिंक फक्त वरच्या कडेला लावतेस, चिक्कू कुठली. सकाळी मी कात्रणं उलटून पाहिली. पाठीमागची वाक्यं अख्खी आहेत. तू तीच कापलीस, मला पेपरात दिसू नयेत म्हणून.

सून : हळू बोला. ते आत झोपलेत.

सासूबाई : ‘द बोट सँक ऑन ट्यूसडे.’ बोट लाल, सँक निळं. बोट मंगळवारी बुडाली. आणि माझा लेक बुधवारी पहाटे दारात उभा! रजा मिळाली म्हणाला.

सून : मला वाटलं, आधीच्या बंदरावर उतरले असतील.

सासूबाई : मलाही वाटलं. मग कालचं उलटलं. ‘ऑल इलेव्हन मेन डाइड.’ अकराच्या अकरा. आणि आजचं... बोटीवरच्या स्वयंपाक्याचं प्रेत सापडलं म्हणे, डावी करंगळी अर्धी. त्या बोटीवर स्वयंपाकी किती?

सून : एकच.

सासूबाई : सुरीखाली करंगळी घालवलेला?

सून : काल झोपेत त्यांचा हात धरून पाहिला, आई. अर्धीच आहे. त्यांचाच हात आहे. नुसता गार.

सासूबाई : केस वाळत नाहीत त्याचे. चार दिवस पुसतेय.

सून : आणि मीठ...

सासूबाई : पाहिलं मी. भरली बरणी तळाला गेली. जन्मभर माझ्या भाजीला खारट म्हणून नावं ठेवली, आता म्हणतो अळणी.

सून : ऑफिसातून फोन आला होता. ओळख पटवायला या म्हणाले. मी गेले नाही. तिथं गेले आणि तिथं तेच असले, तर इथं...

सासूबाई : पुरे. पुढचं बोलू नकोस.

(आतल्या खोलीतून आवाज येतो.)

मुलगा : आई, काय वाचताय गं दोघी?

सासूबाई : काही नाही रे राजा. मंत्र्यानं काय उघडलं, ते शोधतोय.

मुलगा : सापडलं?

सासूबाई : नाही सापडत. तू पड जरा. खिडकी लावू का?

मुलगा : नको. पाण्याचा आवाज येतोय, बरं वाटतं.

सून : आई, इथं कुठलं पाणी? नळसुद्धा बंद आहे.

सासूबाई : रडायचं नाही. डिंक आण आधी. सगळ्या कात्रणांच्या चारही कडा घट्ट चिकटव.

सून : आणि उद्याचं वाक्य?

सासूबाई : पेपरवाल्याला सांग, उद्यापासून टाकू नकोस. मला आलं तेवढं इंग्रजी पुष्कळ झालं. आणि येताना मीठ आण. मोठी पिशवी.