सांभाळायला दिलेली खुर्ची

डॉक्टरबाई : म्हणजे ही खुर्ची तुमची नाही, हे तुम्हाला मान्य आहे.

सलूनवाला : मी कधी माझी म्हटलं, बाई? जरा बाजूला उभ्या राहता का? काकांच्या गळ्याशी वस्तरा आहे.

डॉक्टरबाई : ही दातांच्या दवाखान्याची खुर्ची आहे. सरकारी. मी आज सकाळी रुजू झाले, आरोग्य केंद्रात दातांच्या खोलीचं कुलूप उघडलं, तर आत एक झाडू.

सलूनवाला : झाडू माझा नाही.

डॉक्टरबाई : खुर्ची इथे कशी आली?

सलूनवाला : ती गावात आली तेव्हा डॉक्टर आला नव्हता. पुढेही आला नाही. बिचारी व्हरांड्यात पडून, तिच्यावर कोंबड्या अंडी घालायच्या. मग केंद्रातले कंपाउंडर म्हणाले, डॉक्टर येईपर्यंत सांभाळ. सांभाळली.

डॉक्टरबाई : कुठे असतात हे कंपाउंडर?

सलूनवाला : रिटायर झाले.

डॉक्टरबाई : हो, पण असतात कुठे?

सलूनवाला : सध्या फेसाखाली.

कंपाउंडर : नमस्कार, मॅडम. मान हलवता येत नाही, गैरसमज नसावा. आदेश तोंडी होता. तोंड माझंच.

डॉक्टरबाई : काका, उद्या वरचे साहेब येतायत. दातांचं काम सुरू दिसलं नाही तर ही जागा दुसऱ्या गावाला जाईल, आणि तिच्याबरोबर मीही. मला खुर्ची आजच हवी.

सलूनवाला : न्या की. पण तिचे पाय सिमेंटात आहेत. उपटलीत तर खुर्चीही जाईल आणि माझी फरशीही. शिवाय, खरं सांगू का? समोरच्या सलूनात माणूस बसून दाढी करतो. इथं पडून. लोक लांबून येतात त्या पडण्यासाठी. ही गेली की माझ्याकडे उरला आरसा.

कंपाउंडर : आणि आरशात तू. गिऱ्हाईक थांबायचं नाही.

डॉक्टरबाई : बरं, मला सांगा, इथे मोठ्या माणसाचा दात दुखला तर तो काय करतो?

सलूनवाला : गप्प बसतो.

कंपाउंडर : अगदीच तसं नाही. शाळेतल्या पोरांचे दात तपासायला गाडी येते. मोठी माणसं नियमात बसत नाहीत. एकदा मीच पोरांच्या रांगेत उभा राहिलो. त्यांनी इयत्ता विचारली.

डॉक्टरबाई : मग?

कंपाउंडर : दुसरी म्हणालो. उंची आडवी आली.

डॉक्टरबाई : आणि दात?

कंपाउंडर : ते एकेक करून आपापल्या वाटेनं गेले. आता कवळी आहे. दाढीपुरती खिशात ठेवतो. काय रे, पुसलंस का तोंड? उठू दे मला. मॅडमना त्यांची वस्तू नीट बघू दे.

डॉक्टरबाई : दिवा लागतो?

सलूनवाला : लागतो म्हणजे? लखलखीत. त्याशिवाय मिशीची टोकं सारखी कशी होणार?

डॉक्टरबाई : आणि ही हवेची नळी?

सलूनवाला : मानेवरचे केस उडवायला. गिऱ्हाईकाला गुदगुल्या होतात, ते वेगळं.

डॉक्टरबाई : हवेचा पंप चालू आहे?

कंपाउंडर : गावातल्या सगळ्या सायकली त्याच्यावर चालू आहेत.

डॉक्टरबाई : पाणी येतंय. पाठ वर-खाली होतेय. अहो, माझ्या मागच्या दवाखान्यात खुर्ची एकदा आडवी झाली ती उठलीच नाही. पेशंटला दोघं धरून उठवायचो. हिला तेल कोण घालतं?

सलूनवाला : मीच. दर रविवारी. फक्त त्या दात कोरायच्या यंत्राला कधी हात लावला नाही. आणलं तसं पिशवीत बांधून ठेवलंय. भीती वाटते त्याची.

डॉक्टरबाई : केंद्रात राहिली असती तर गंजून भंगारात गेली असती ही. तुम्ही डावा गाल का धरलाय?

सलूनवाला : कुठं? सवय आहे.

कंपाउंडर : वर्षभराची सवय आहे, मॅडम. उजव्या बाजूनं जेवतो, डाव्या बाजूनं बायकोवर चिडतो.

डॉक्टरबाई : बसा खुर्चीत.

सलूनवाला : मी? मी मालक आहे. म्हणजे नाही, ते झालं बोलून, पण मी कशाला?

डॉक्टरबाई : हत्यारं मी उकळून आणलीत. बसा.

सलूनवाला : काकांना घ्या ना आधी. वयाचा मान.

कंपाउंडर : माझे दात खिशात आहेत. तिथंच बरे आहेत.

(सलूनवाला खुर्चीत आडवा होतो.)

डॉक्टरबाई : आ करा. अजून. दाढ किडलीय.

सलूनवाला : ठाऊक आहे. काढून टाका एकदाची. बायकोला सांगूनच ठेवलंय, आज ना उद्या जाणार.

डॉक्टरबाई : काढायची नाही. भरायची.

सलूनवाला : म्हणजे राहते?

डॉक्टरबाई : राहते. आणखी वर्ष काढलं असतंत तर गेली असती.

सलूनवाला : काका, ऐकलंत? राहते म्हणतात.

कंपाउंडर : ऐकलं. तोंड उघडं ठेव आणि बंद राहा.

डॉक्टरबाई : हे टोचेल. मुंगी चावल्यासारखं. आता थांबू या थोडं. काका, तोवर तुम्ही सांगा, मी या माणसाची खुर्ची उपटू की नको?

कंपाउंडर : माझं ऐकाल तर दवाखानाच इथं आणा. सकाळी तुमची, संध्याकाळी याची. साहेबांना सांगायचं, केंद्राचा विस्तार झालाय.

सलूनवाला : आणि दाढीला आलेला माणूस यंत्राचा आवाज ऐकून पळाला तर?

कंपाउंडर : अर्धी दाढी घेऊन कुठवर जाईल?

डॉक्टरबाई : साहेबांचं मी बघते. पण दोन वेळेला खुर्ची धुऊन द्यायची, आणि सकाळी इथे केसाचा तुकडा दिसता कामा नये. गाल जड झाला?

सलूनवाला : माझा वाटतच नाही.

डॉक्टरबाई : आ करा. घाबरू नका, तुमचीच खुर्ची आहे. छान. अजून थोडं. घट्ट चावा. भरलेलं उंच लागतंय कुठे?

सलूनवाला : नाही. झालं? एवढंच होतं? आणि मी वर्षभर…

कंपाउंडर : ऊठ आता. बाहेर चौघं येऊन थांबलेत.

सलूनवाला : दाढीला ना?

कंपाउंडर : आले दाढीलाच. यंत्राचा आवाज ऐकला, तेव्हापासून दारातून आत बघतायत.

सलूनवाला : पळाला नाही कुणी?

कंपाउंडर : उलट पुढे सरकलेत.

सलूनवाला : गालावर हात कुणाचा आहे?

कंपाउंडर : चौघांचाही.

सलूनवाला : मग दाढ्या उद्या.