समोरच्या बाजूची पोथी

आमच्या येमेनी ज्यू वस्तीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बद्राआजी बाकावर बसल्या होत्या. तेवढ्यात सालेमआजोबा तपासणी आटोपून, तोंड पाडून बाहेर आले.

"नातवाला तोराहची पोथी वाचायला शिकवायचं राहिलंच, बद्रा. कार्डावरचं एक अक्षर ओळखू आलं नाही."

"कार्ड सुलटं धरलं होतंत?"

"मग काय उलटं धरू?"

"अहो, येमेनात अख्ख्या गल्लीत पोथी एक आणि भोवती सात पोरं. तुमची जागा समोरची. जन्मभर उलटंच वाचत आलात ना? जा परत!"

दहा मिनिटांनी आजोबा आले.

"छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मान वाकडी करून बघत होते बिचारे."

"मग आता?"

"नातवाला समोर बसव. पोथी एकच पुरेल. त्याच्याकडून सुलटी, माझ्याकडून बरोबर."