धो धो वाहणारा नळ

सकाळी अकरा वाजता निलंग्याच्या सरजाबाई आणि त्यांचे दीर केरबा लातूरच्या तार ऑफिसात कैरोच्या कॉलसाठी बसले होते. लातूर जिल्हा झालं, तरी पाणी टँकरचंच होतं. सरजाबाईंचा शुद्धोधन अरबी शिकायला नुकताच कैरोला गेला होता. काल निलंग्यातल्या अडत दुकानावर त्याचा फोन आला होता. बाकावर शेजारी बसलेल्या शेषेरावांना सगळं ऐकू येत होतं.

“भावजी, पोरगं बोलायलं व्हतं अन् मागं नळ धो धो वाहत व्हता.”

“वाळवंटात नळ?”

“म्हणलं, बंद कर रे. तर म्हणतो, राहू दे माय, इथं दिवसभर येतं.”

“आपला शुद्ध्या? तोंड धुतलेलं पाणी म्हशीला ठेवणारा? वहिनी, काय तरी काळंबेरं हाय.”

“कालेजातच हाय की. मास्तरनं पयल्याच दिवशी अरबी वाचायला उभं केलं, पोरं लई हसली म्हणला.”

“हे बी कुनी पढवलं असंल. कुन्या एजंटानं उंट राखायला नेलं असंल पोराला.”

“आज म्हणते, अरबी बोलून दाखव.”

“बोलला तर? खरं का खोटं, तुमाला काय कळणार?”

“अरबी न्हाई कळणार. पण मागं कुनी उभं असलं, तर दबून बोलंल. दबलेलं बोलणं मला कुठल्या बी बोलीत कळतं, भावजी.”

“कैरो! निलंगेकर बाई, या, लाइन लागली!” खिडकीतून ऑपरेटरनं हाक मारली.

सरजाबाईंनी पदर सावरून रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे शुद्धोधनच्या वसतिगृहात घंटी वाजत होती. शेषेराव आपला कॉल उरकून निघाले, तोवर तिकडे फोन कोणी उचलला नव्हता.