पिवळी टीम जिंकली का हारली

माझं माहेर शिरपूरकडचं, तापीच्या काठचं. बाप सालदार, आम्ही बहिनीच बहिनी, त्यामुळं बैल पाजन्यापासून मोटीचा दोर ओढन्यापर्यंत सगळं पोरीच करायच्या. लग्न झालं न् सुरतले आली. गावात वाटे, सुरत म्हंजे समुद्र. काय सांगू तुम्हाले ताई, समुद्र काही मी आजवर पाह्यला नही, पांडेसऱ्याच्या नाल्यातलं मिलचं पानी पाह्यलं, आज लाल तं उद्या हिरवं. बमरोलीले एक खोली, अर्ध्यात आमी, अर्ध्यात माझा दीर भिका न् त्याची बायको मंगल, मधी जुन्या साडीचा पडदा. मंगल माझी धाकटी जाऊ, मले जिजी म्हनते. आवाज एवढा बारीक की पडद्याच्या पल्याड हाये का नही ते कळू नये. दोघी एकाच मिलमधी साड्यांच्या घड्या घालायले जायचो, कापडाचे ताके उचलायचो.

तं एक दिवस मिलमधी टीव्हीवाले आले. मुकादम म्हने, बायांच्या कुस्तीसारखं काही हाये, पळायचं, भिंत चढायची, रस्सी ओढायची, टीव्हीवर दिसनार. मी म्हटलं, आमाले कशाले, तं म्हने त्यायले काम करनाऱ्या बाया पाह्यजे. मी हात वर केला. आमच्या शेजारच्या शोभाबाईनं केला, ती अकोल्याकडची, बोलायले लई खमकी. तिसरी कोन? तं मंगल म्हने, मी. मी पाहातच ऱ्हायली.

घरी सासू आली व्हती गावाहून. काय करी ऱ्हायनी व तुम्ही, पोरींनो, म्हने, लुगडं नेसीसन पळशात? दीर म्हनला, जाऊ दे माय, हारून येईल न् गप बसील. मंगलनं पदर खोचला न् निघाली. रस्त्यात मले म्हने, जिजी, मी जिंकली ना, तं हा मले एक डाव तरी नावानं हाक मारील. तो तिले अय म्हनायचा, अय इकडं ये, अय पानी दे.

मैदानावर गेलो तं आमाले पिवळे शर्ट दिले, साडीच्या वर घालायले. समोर निळी टीम, कॉलेजच्या गुजराथी पोरी, पायात पांढरे बूट. आमी अनवानी. पळायचं झालं, आमी पुढं गेलो, तं एक जन ओरडला, फिर से, फिर से, ऊन ढगात गेलं व्हतं म्हने. परत पळालो, या डावाले त्या पुढं. मी इचारलं, आता कोनतं धरायचं, पहिलं का दुसरं? तो म्हने, आप टेंशन मत लो. मंग मंगलले म्हने, थोडा रोना पडेगा. ती म्हने, काहून, मले तं काही लागलं नही. आता तुमीच सांगा, हा खेळ व्हता का नाटक व्हतं? शोभाबाई मले म्हने, अवं सिंधुबाई, ते मोठे लोक हायेत, त्याईले माहीत असन.

शेवटी रस्सी. मधी चिखलाचा खड्डा, जो त्यात पडील तो हारला. मी पुढं, मधी शोभाबाई, मागं मंगल, कमरेले दोर गुंडाळून. शिट्टी वाजली न् ओढलं बाई, हाताची साल निघाली, मागून मंगलचा आवाज आला, ओढ जिजी, ओढ! एवढा मोठा आवाज तिच्या पोटात कुठं व्हता? मंग काय झालं ते मले आजबी नीट सांगता येत नही. दोर सैल झाला, मी चिखलात, एक निळी पोरगी बी चिखलात, डोळ्यात चिखल, शिट्टी परत वाजली, कोन आधी पडलं देव जाने. मले उठवलं न् हातात कप दिला. जीत गए, उछलो, उछलो! आमी उड्या मारल्या. मंगल मोठ्यानं रडली, या डावाले कोनी सांगितलं नही. मंग कप परत घेतला, म्हने घरी पाठवू.

झालं. दीरानं आख्ख्या गल्लीले सांगितलं, माही मंगल जिंकली. हो, मंगल म्हनला. ज्या रविवारी दुपारी दाखवनार व्हते त्या दिवशी शेजारच्यांच्या टीव्हीपुढं पाय ठेवायले जागा नही. आमी दिसलो तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. रस्सी आली, चिखल आला, आन मंग एकदम निळ्या पोरी, हातात तोच कप, त्याच उड्या. आमी कुठंच नही. मंगल रडताना दाखवली, पन ती हारली म्हनून रडते असं दिसे. सगळे आमच्याकडं पाहू लागले. मी म्हटलं, अवं, कप आमाले दिला व्हता! दीर हसला. तो चिडला असता तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मंगल साक्रीले माहेरी निघून गेली. आमी खोटं नव्हतो बोललो, पन खरं काय ते बी सांगता येईना. दीराचा सैपाक मीच करे. लई दिवस गेले, मंग एक डाव ताट पुढं घेऊन नुसता बसला न् म्हने, वहिनी, मी हसायले नको व्हतं. स्वतः गेला न् तिले घेऊन आला.

मंग मागच्या साली काय झालं, मी उधन्याच्या बसमधी उभी, एक पोरगी माझ्याकडं पाहे. जवळ आली न् म्हने, तमे पीळी टीमवाळा ने? पिवळ्या टीमच्या तुमीच ना, असं. निळ्या टीममधली व्हती, माझ्यासंग चिखलात पडलेली. मी काही इचारायच्या आधीच म्हने, मासी, आमी तं समजलो तुमीच जिंकल्या. तुमी गेल्यावर आमच्या हाती कप दिला, म्हने फोटोसाठी उचला. मंग टीव्हीवर पाहातो तं आमीच जिंकलेल्या! पप्पांनी आख्ख्या सोसायटीत पेंडे वाटले, मले एकबी गिळला नही. तुमचा तो कप आला का? मी म्हटलं, नही वं. ती म्हने, आमचाबी नही. तिचं उतरायचं आलं, उतरली.

घरी येऊन मंगलले सांगितलं. ती भाकरी थापत व्हती. सगळं ऐकलं न् इचारलं, पेंडा खाल्लाच नही तिनं? मी म्हटलं, नही. तं म्हने, बिचारी. आन भाकरी उलटली.

आता ती पडद्याच्या पल्याडून दीराले मोठ्यानं बोलते, तो तिले मंगल म्हनतो, कधी कधी अय बी म्हनतो. त्या गुजराथी पोरीचं देव भलं करो, चांगलं घर मिळो तिले. माझी पोरगी शाळेतून येते न् इचारते, आई, तू टीव्हीवर जिंकली व्हती का हारली व्हती? मी काय सांगू ताई? मी म्हनते, तू जेव आधी.